कचरा, रिसायकलिंग आणि ब्लॉकचेन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कचरा व्यवस्थापनात काम करणारे, भंगार व्यापारी, रिसायकलिंग कारखाने चालवणारे आणि या विषयावर प्रकल्प करणारे विद्यार्थी आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी मूळ गोष्टी येतात, पुढे अडचणीच्या जागा. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. ब्लॉकचेन म्हणजे नेमकं काय आणि कचऱ्याशी तिचा संबंध कुठे येतो?

ब्लॉकचेन ही अनेकांनी मिळून सांभाळलेली नोंदवही आहे. ती एकाच कार्यालयात ठेवलेली नसते, सहभागी संस्थांच्या संगणकांवर तिच्या सारख्याच प्रती असतात. नोंदींचा एक गट म्हणजे ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा हॅश असतो, म्हणजे त्या मजकुरावर गणिती प्रक्रिया करून काढलेली ठरावीक लांबीची खूण. एसएचए-256 या प्रचलित पद्धतीत ती 64 अंक-अक्षरांची असते. मूळ मजकुरातला एक आकडा बदलला तरी पूर्ण खूण बदलते. त्यामुळे जुन्या नोंदीत कोणी गुपचूप फेरफार केला तर तिथून पुढची साखळी जुळत नाही आणि ते बाकीच्यांच्या लगेच लक्षात येतं.

कचरा हातोहात फिरतो. वेचणाऱ्याकडून भंगारवाल्याकडे, तिथून ठोक व्यापाऱ्याकडे, मग वर्गीकरण केंद्रात, प्रक्रिया कारखान्यात आणि शेवटी नवी वस्तू बनवणाऱ्याकडे. या प्रत्येकाची वही वेगळी असते आणि एकाची वही दुसऱ्याला दिसत नाही. ब्लॉकचेनचा उपयोग या वह्यांच्या मधल्या जागेत आहे.

2. म्हणजे हे बिटकॉइनच झालं ना?

नाही. बिटकॉइन हा ब्लॉकचेनचा एक वापर आहे. त्याची कल्पना 2008 मध्ये मांडली गेली आणि जाळं 2009 मध्ये सुरू झालं. वेळेच्या शिक्क्यांसह नोंदी एकमेकींत गुंफण्याची कल्पना त्याहून जुनी, 1991 मधल्या एका शोधनिबंधातली आहे. कचऱ्याच्या बऱ्याच प्रकल्पांत विकत घेण्या-विकण्याचं कोणतंही चलन नसतं. असतात त्या वजनाच्या, मालाच्या प्रकाराच्या आणि हस्तांतराच्या नोंदी. विजेच्या खर्चाबद्दल प्रश्न 9 पाहा.

3. कचऱ्याच्या व्यवस्थेत असं काय बिघडलंय की त्यासाठी हे लागावं?

जागतिक बँकेच्या 2018 च्या अहवालानुसार 2016 मध्ये जगभरात सुमारे 201 कोटी टन घनकचरा तयार झाला. प्लास्टिकबद्दल आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेचा अंदाज असा की निर्माण होणाऱ्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम 9 टक्क्यांचं रिसायकलिंग होतं. ई-कचरा 2022 मध्ये 6.2 कोटी टनांवर गेला आणि त्यातला फक्त 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे.

या शेवटच्या वाक्यातला ‘नोंद आहे’ हा भाग महत्त्वाचा आहे. बाकीचा ई-कचरा कुठे गेला? काही भंगारात फुटला, काही पुरला गेला, काही जाळून त्यातलं तांबं काढलं गेलं, काही सीमेपलीकडे गेला. नक्की किती कुठे, हे सांगणारा कागद नाही. जिथे कागद आहे तिथे दुसरे रोग आहेत. एकाच टन मालावर रिसायकलिंग झाल्याची दोन प्रमाणपत्रं निघतात. कारखान्याची क्षमता कमी आणि प्रमाणपत्रं जास्त असतात. ‘रिसायकलिंगसाठी’ म्हणून निघालेला कंटेनर प्रत्यक्षात उकिरड्यावर रिकामा होतो. कचरा विल्हेवाटीला पैसे मोजावे लागतात, म्हणून तो कागदावर नाहीसा करणाऱ्याला नफा होतो. बाकीच्या व्यापारात माल हरवला तर घेणारा ओरडतो. कचरा हरवला तर ओरडायला कोणीच नसतं. नोंदीची गरज इतर कुठल्याही मालापेक्षा इथे जास्त आहे ती याच कारणाने.

4. एका बाटलीचा प्रवास साखळीवर कसा नोंदवला जातो?

एकेका बाटलीची नोंद सहसा होत नाही, होते ती लॉटची, म्हणजे एकत्र आलेल्या मालाच्या खेपेची. समजा एका संकलन केंद्रात पेट बाटल्यांची पोती आली. वजन होतं आणि देणारा व घेणारा दोघंही आपापल्या डिजिटल सहीने ते मान्य करतात. मालाचा प्रकार, वेळ आणि ठिकाण जोडलं जातं आणि त्या लॉटला एक ओळख क्रमांक मिळतो. पुढे दहा केंद्रांचे लॉट एका गठ्ठ्यात दाबले जातात. साखळीवर त्या दहा नोंदी ‘वापरल्या गेल्या’ अशी खूण होते आणि गठ्ठ्याचा नवा क्रमांक तयार होतो. गठ्ठ्यावर क्यूआर कोड किंवा रेडिओ लहरींनी वाचता येणारी आरएफआयडी पट्टी लागते.

कारखान्यात गठ्ठा फुटतो. झाकणं, लेबलं, माती, चुकून आलेलं पीव्हीसी बाजूला काढलं जातं, बाटल्या धुऊन त्यांचे तुकडे होतात आणि पुढे दाणा, म्हणजे नवी वस्तू बनवायचा प्लास्टिकचा कच्चा माल, तयार होतो. इथे वजन घटतं, आणि ही घट नोंदवणं सक्तीचं असायला हवं. आत गेलेला माल म्हणजे बाहेर पडलेला दाणा, वेगळा काढलेला कचरा आणि शिल्लक साठा यांची बेरीज. हे समीकरण जुळत नसेल तर पुढची नोंद स्वीकारायचीच नाही, असा नियम प्रणालीत आधीच लिहून ठेवता येतो. अशा आपोआप लागू होणाऱ्या नियमांना स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. वजन दोन्ही बाजूंनी मान्य झालं की पैसे सोडणं हेही त्यातून करता येतं.

फोटो, वजनपावत्या, प्रयोगशाळेचे अहवाल अशा जड फाइली साखळीवर ठेवत नाहीत. त्या बाहेरच्या साठ्यात राहतात, साखळीवर फक्त त्यांचा हॅश जातो.

5. साधा डेटाबेस का चालत नाही?

बहुतेक वेळा चालतो. हे उत्तर विकणाऱ्या कंपन्यांना आवडत नाही, पण ते खरं आहे.

एका शहराची कचरा यंत्रणा, तिच्याच गाड्या, तिचाच वजनकाटा आणि तिचंच प्रक्रिया केंद्र असेल तर चांगला डेटाबेस आणि स्वतंत्र लेखापरीक्षण पुरेसं आहे. बाटली परत केल्यावर ठेव परत मिळण्याची जर्मनीतली व्यवस्था घ्या. एकदाच वापरायच्या बाटल्या आणि कॅनवर तिथे 2003 पासून सक्तीची ठेव आहे, सध्या प्रत्येकी 25 सेंट. बाटल्या परत येण्याचं प्रमाण अतिशय उच्च आहे. त्यामागे आहे परतीचं यंत्र, बारकोड, हिशेब चुकते करणारी सामाईक यंत्रणा आणि ग्राहकाच्या खिशाशी जोडलेली रक्कम. ब्लॉकचेनशिवाय हे उत्तम चालतं.

ब्लॉकचेनचा विचार तेव्हा करावा, जेव्हा एकमेकांवर विश्वास नसलेले अनेक पक्ष एकाच नोंदीवर अवलंबून असतात आणि ती नोंद सांभाळायला सगळ्यांना मान्य असा एक मध्यस्थ सापडत नाही. दोन देशांतले व्यापारी, स्पर्धक ब्रँड, त्यांचे पुरवठादार आणि नियामक अशी मंडळी एका नोंदीवर आली की ही अट पूर्ण होते. मान्य मध्यस्थ असेल तर त्याच्याकडेच नोंद ठेवणं स्वस्त आणि सोपं पडतं.

6. काट्यावरच खोटं वजन टाकलं तर साखळी काय करणार?

काहीच नाही. ती ते खोटं वजन जसंच्या तसं, कायमचं जपून ठेवेल.

या पानावर एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. ब्लॉकचेन नोंद राखते. माल आणि नोंद यांची गाठ ती घालू शकत नाही. ही गाठ काट्यावर, फाटकावर, वर्गीकरणाच्या पट्ट्यावर माणसं आणि यंत्रं घालतात आणि फसवणूकही तिथेच होते. कागदाच्या गठ्ठ्यांवर पाणी मारलं जातं. युरोपच्या ईएन 643 या रद्दीच्या मानकात 10 टक्के ओलावा हा हवेतला नेहमीचा म्हणून धरला आहे, त्यावरचं वजन पाण्याचं. गठ्ठ्याच्या पोटात माती आणि दगड निघतात. तीच गाडी दोनदा काट्यावर चढते. रिसायकल केलेल्या दाण्याला नव्या दाण्यापेक्षा जास्त भाव मिळू लागला की नवाच माल ‘रिसायकल’ म्हणून खपवण्याचा मोह होतो, आणि तो तर दिसायलाही अधिक स्वच्छ असतो.

फोटोने काही अंशी मदत होते, पण त्याचा हॅश फक्त एवढंच सांगतो की नोंद झाल्यानंतर फोटो बदललेला नाही. फोटोतला ढीग कोणाचा आणि कुठला, हे तो सांगत नाही.

मग उपाय काय? पहिला म्हणजे काट्याचं वजन थेट प्रणालीत जावं, मधे कोणी आकडा टाइप करू नये. काट्याची नियमित तपासणी आणि सील ही त्याची पूर्वअट आहे. दुसरा म्हणजे प्रत्येक हस्तांतरावर दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात आणि त्यांचे हितसंबंध विरुद्ध असावेत. विकणाऱ्याला वजन जास्त हवं असतं, घेणाऱ्याला कमी, म्हणून दोघांनी मान्य केलेला आकडा बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो. मात्र दोघांनाही आकडा फुगवून फायदा होत असेल, उदाहरणार्थ प्रमाणपत्रांच्या बाजारात, तर ही तपासणी कोसळते. तिथे तिसऱ्या, स्वतंत्र स्रोताची गरज पडते. कारखान्याचा वीजवापर, पाण्याचा वापर, गाड्यांच्या फेऱ्या आणि यंत्राची दर तासाची क्षमता यांच्याशी आकडे ताडून पाहावेत. धुणं, वितळवणं आणि दाणा काढणं याला वीज लागतेच. उत्पादन दुप्पट दाखवलं आणि वीजबिल तेवढंच राहिलं, तर विचारायला हवं.

शेवटी उरते ती अचानक येऊन गठ्ठा फोडून पाहणारी माणसं. त्यांचा पगार वाचवून ब्लॉकचेन घेणं हा उलटा व्यवहार आहे.

7. चुकून चुकीची नोंद झाली तर दुरुस्त करता येते का?

खोडता येत नाही, सुधारता येते. हिशेबाच्या वहीत उलट नोंद करतात तसंच इथेही चुकीची नोंद रद्द करणारी आणि बरोबर आकडा देणारी नवी नोंद होते. दोन्ही दिसत राहतात. एकाच केंद्राकडून अशा दुरुस्त्या सतत येत असतील तर तीसुद्धा उपयोगी माहिती आहे.

8. सार्वजनिक साखळी घ्यावी की परवानगीची?

सार्वजनिक साखळीत कोणीही सहभागी होऊ शकतो, सगळं उघड असतं आणि प्रत्येक नोंदीला बदलतं शुल्क पडतं. परवानगीच्या साखळीत ठरलेल्या संस्थाच नोंदी करतात, वेग जास्त असतो आणि कोणाला काय दिसावं हे ठरवता येतं. हायपरलेजर फॅब्रिक हे त्याचं परिचित उदाहरण. कचऱ्याच्या रोजच्या नोंदींसाठी आमचा कल परवानगीच्या साखळीकडे आहे.

एक धोका लक्षात ठेवा. परवानगीच्या साखळीतले सगळे संगणक एकाच कंपनीच्या ताब्यात असतील तर ती कंपनी इतिहास पुन्हा लिहू शकते, आणि मग तो महागडा डेटाबेसच झाला. लहान सार्वजनिक साखळ्याही सुरक्षित असतातच असं नाही. इथेरियम क्लासिक या सार्वजनिक साखळीवर 2020 मध्ये बहुसंख्य संगणनशक्ती मिळवून जुने व्यवहार उलटवण्याचे हल्ले झाले होते. मधला मार्ग असा की रोजच्या नोंदी परवानगीच्या साखळीत ठेवायच्या आणि ठरावीक वेळाने त्या सगळ्यांचा मिळून एक हॅश मोठ्या सार्वजनिक साखळीवर टाकायचा.

9. ब्लॉकचेन स्वतःच प्रचंड वीज खाते आणि ई-कचरा करते. मग हे पर्यावरणासाठी कसं?

बिटकॉइनबद्दल ही तक्रार पूर्ण खरी आहे. तिथे नोंद मान्य होण्यासाठी संगणकांची सतत शर्यत चालते आणि त्यासाठीची खास यंत्रं लवकर कालबाह्य होतात. 2021 मधल्या एका अभ्यासाने या यंत्रांचा ई-कचरा वर्षाला सुमारे 30,700 टन असल्याचा अंदाज दिला होता. कचऱ्याचा प्रश्न सोडवायला या पद्धतीची साखळी वापरणं आम्हाला पटत नाही.

पण ही शर्यत अनिवार्य नाही. इथेरियम या मोठ्या सार्वजनिक साखळीने सप्टेंबर 2022 मध्ये पद्धत बदलली आणि त्याचा वीजवापर 99 टक्क्यांहून जास्त घटला. परवानगीच्या साखळीला तर नेहमीच्या सर्व्हरइतकीच वीज पुरते. प्रकल्प दाखवायला कोणी आलं तर नोंदी कोणत्या पद्धतीने मान्य होतात, हे आधी विचारा.

10. कचरावेचकांना याचा काही फायदा होतो का?

होऊ शकतो, आपोआप होत नाही.

जगात दीड ते दोन कोटी लोक कचरा वेचून जगतात असा अंदाज दिला जातो. रिसायकलिंगसाठी गोळा होणाऱ्या प्लास्टिकचा मोठा वाटा त्यांच्या हातून येतो. तरी साखळीतला सगळ्यात कमी भाव त्यांना मिळतो, पैसे रोखीत मिळतात आणि केलेल्या कामाचा पुरावा उरत नाही. पुरावा नसल्यामुळे कर्ज, विमा, ओळख, सगळंच अडतं. 2013 मध्ये व्हँकुव्हरमध्ये स्थापन झालेल्या प्लास्टिक बँक या संस्थेने नेमक्या या जागेवर काम केलं. हैतीपासून सुरुवात करून पुढे फिलिपीन्स, इंडोनेशिया, ब्राझील, इजिप्त इथे वेचकांनी आणलेल्या प्लास्टिकची नोंद ब्लॉकचेनवर करायची आणि बाजारभावावर वरची रक्कम द्यायची, अशी त्यांची पद्धत. माल विकत घेणाऱ्या ब्रँडला स्रोत कळतो आणि वेचकाच्या नावावर उत्पन्नाचा इतिहास जमतो.

प्रश्न आहेत ते असे. फोन नसलेल्या वेचकाची नोंद कोण करतं? केंद्रचालक करत असेल तर वेचकाचं खातं प्रत्यक्षात केंद्रचालकाच्याच हातात असतं. वेचकाला स्वतःची नोंद वाचता येते का, निदान ऐकता येते का? मोबदला चढउतार होणाऱ्या टोकनमध्ये (साखळीवर नोंदलेलं, दुसऱ्याला देता येणारं डिजिटल नाणं किंवा कूपन) असेल तर भाव पडल्याचा तोटा सगळ्यात गरीब माणसाला का? मोबदला स्थानिक चलनातच द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. आणि ‘स्रोत शोधता येणारा माल’ म्हणून वरचा जो भाव मिळतो, त्यातला किती हिस्सा वेचकापर्यंत पोचला, हीसुद्धा साखळीवरची उघड नोंद असावी. पारदर्शकता फक्त खालच्या माणसासाठी असेल तर ती त्याच्यावरची पाळत होते.

11. घरोघरी वर्गीकरणासाठी टोकन दिली तर लोक कचरा वेगळा करतील का?

बक्षिसाने सुरुवात होते. पण फक्त वजनावर बक्षीस दिलं तर लोक जड आणि ओला माल आणतात, आणि शेजाऱ्याच्या डब्यातलाही उचलतात. मोबदला वर्गीकरणाच्या शुद्धतेवर हवा आणि ती तपासायला डबा उघडून पाहणारं कोणीतरी हवं. वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होत असेल तर टोकन बंद ठेवा, आधी गाडी दुरुस्त करा.

12. ईपीआर प्रमाणपत्रांची आणि प्लास्टिक क्रेडिटची दुहेरी विक्री यामुळे थांबते का?

ईपीआर म्हणजे विस्तारित उत्पादक जबाबदारी. वस्तू बाजारात आणणाऱ्याने तिच्या कचऱ्याचीही जबाबदारी घ्यायची. हे तो अनेकदा रिसायकलरकडून प्रमाणपत्रं घेऊन पूर्ण करतो. प्लास्टिक क्रेडिट म्हणजे ठरावीक प्लास्टिक गोळा किंवा रिसायकल झाल्याचा विकता येणारा दावा. एका नोंदवहीच्या आत दुहेरी विक्री थांबवणं हे ब्लॉकचेनचं सगळ्यात भक्कम काम आहे. प्रमाणपत्र म्हणजे एक टोकन, ते वापरलं की कायमचं रद्द होतं आणि दुसऱ्यांदा विकताच येत नाही.

अडचण दोन नोंदवह्या असल्या की येते. तोच टन एका योजनेत क्रेडिट म्हणून आणि दुसरीकडे प्रमाणपत्र म्हणून नोंदवला, तर दोन्ही साखळ्या आपापल्या परीने बरोबरच असतात. यासाठी योजनांमध्ये सामाईक लॉट क्रमांक किंवा एकमेकींच्या नोंदी तपासण्याचा करार लागतो.

आणखी एक गुंता आहे. त्याच टनावर गोळा करणारा ‘संकलन’ सांगतो, कारखाना ‘रिसायकलिंग’ सांगतो आणि ब्रँड ‘बाटलीत पुनर्वापरित प्लास्टिक’ सांगतो. हे तीन वेगळे दावे आहेत आणि तिन्ही खरे असू शकतात. त्यांची बेरीज करून ‘तीन टन कचरा वाचवला’ म्हटलं की ते खोटं होतं. कुठला दावा कुठल्या दाव्यासोबत चालतो, हे नियमावलीत लिहावं लागतं. तंत्रज्ञान ते ठरवत नाही.

13. कारखान्यात नवा आणि जुना माल एकत्र वितळतो. मग ‘30 टक्के रिसायकल’ कसं सिद्ध करणार?

मिसळलेल्या दाण्यातला कुठला रेणू कचऱ्यातून आला हे सांगता येत नाही. म्हणून हिशेबाची पद्धत ठरवतात. 2020 च्या आयएसओ 22095 या मानकात अशा पद्धतींची नावं आणि व्याख्या आहेत: माल पूर्ण वेगळा ठेवणं, ठरलेल्या प्रमाणात मिसळणं, वस्तुमान संतुलन, आणि शेवटी फक्त दाव्याची खरेदी-विक्री.

वस्तुमान संतुलनात आत जितका पुनर्वापरित माल गेला तितकाच दावा बाहेर करता येतो, पण तो दावा कुठल्या उत्पादनाला लावायचा याची मुभा असते. म्हणजे हातात आलेल्या बाटलीत प्रत्यक्ष पुनर्वापरित प्लास्टिक अगदी कमीही असू शकतं. साखळी हा हिशेब चोख ठेवते. पण ग्राहकासमोरच्या लेबलवर कुठली पद्धत वापरली ते लिहिलेलं नसेल, तर चोख हिशेबातूनही दिशाभूल होते. युरोपीय संघात 2025 पासून पेट बाटल्यांत 25 टक्के आणि 2030 पासून सर्व प्लास्टिक पेय-बाटल्यांत 30 टक्के पुनर्वापरित प्लास्टिकची अट आहे, त्यामुळे हा प्रश्न आता फक्त पुस्तकी राहिलेला नाही.

14. बॅटरी आणि ई-कचऱ्याला वेगळे नियम लागतात का?

हो, आणि ब्लॉकचेनचा सर्वात अर्थपूर्ण वापर आम्हाला इथेच दिसतो. मोठी बॅटरी ही किमती वस्तू आहे, तिला स्वतःचा क्रमांक असतो, आयुष्य लांब असतं आणि मालक बदलत जातात. युरोपीय संघाच्या 2023 च्या बॅटरी नियमावलीनुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून विद्युत वाहनांच्या, हलक्या वाहनांच्या आणि 2 किलोवॅट-तासांहून मोठ्या औद्योगिक बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट, म्हणजे त्या बॅटरीची माहिती देणारी इलेक्ट्रॉनिक नोंद, लागेल. 2031 पासून ठरावीक बॅटऱ्यांत 16 टक्के कोबाल्ट आणि प्रत्येकी 6 टक्के लिथियम व निकेल पुनर्प्राप्त असावं लागेल. खाणीतलं कोबाल्ट आणि जुन्या बॅटरीतलं कोबाल्ट शुद्ध झाल्यावर वेगळं ओळखता येत नाही, म्हणून सगळी भिस्त नोंदीवर आहे.

दोन अपवाद नीट समजून घ्या. वाहनातून काढलेली बॅटरी घरगुती वीजसाठ्यासाठी वापरली, तर जुना पासपोर्ट पुढे चालत नाही. नव्या जबाबदार व्यक्तीच्या नावाने, जुन्याशी जोडलेला नवा पासपोर्ट लागतो. दुसरा अपवाद, बॅटरीचं रिसायकलिंग झालं की तिचा पासपोर्ट संपुष्टात येतो असं नियमावली सांगते. न पुसणाऱ्या साखळीवर हे कसं करायचं याचं उत्तर प्रश्न 15 मध्ये आहे. आणि हो, नियमावलीत ब्लॉकचेनची सक्ती नाही.

15. माहिती मिटवण्याचा कायदेशीर हक्क आणि न पुसणारी साखळी एकत्र कशी नांदणार?

युरोपीय संघाचा 2018 पासून लागू असलेला माहिती संरक्षण कायदा कलम 17 मध्ये वैयक्तिक माहिती पुसून घेण्याचा हक्क देतो. म्हणून नाव, फोन नंबर, ठिकाण साखळीवर टाकूच नये. ते बाहेरच्या साठ्यात ठेवावं आणि साखळीवर फक्त हॅश टाकावा. बाहेरची माहिती पुसली की उरलेल्या हॅशचा अर्थ लावता येत नाही.

यातही एक फट आहे आणि अनेक प्रकल्प तिथे चुकतात. फोन नंबरांची संख्या मर्यादित असते. सगळ्या शक्य नंबरांचे हॅश काढून जुळवून पाहणं संगणकाला अवघड नाही. त्यामुळे हॅश काढण्याआधी त्यात प्रत्येक नोंदीसाठी वेगळा, गुप्त आणि यादृच्छिक आकडा मिसळावा लागतो, आणि माहिती पुसताना तो आकडाही नष्ट करावा लागतो.

16. आमचे पुरवठादार कोण, हे स्पर्धकांना दिसलं तर धंदा बसेल. ते लपवता येतं का?

येतं. परवानगीच्या साखळीत ठरावीक पक्षांपुरती स्वतंत्र दालनं करता येतात. शून्य-ज्ञान पुरावा या गणिती पद्धतीने ‘या मालात 30 टक्क्यांहून जास्त पुनर्वापरित माल आहे’ एवढं सिद्ध करता येतं, पुरवठादाराचं नाव न सांगता. नियामकाला मात्र पूर्ण माहिती उघडता आली पाहिजे, हा आमचा आग्रह आहे.

17. कचरा सीमापार जात असेल तर साखळीवरची नोंद पुरते का?

नाही. 1989 मध्ये संमत झालेल्या आणि 1992 पासून लागू असलेल्या बाझल करारानुसार घातक कचरा पाठवण्याआधी घेणाऱ्या देशाची लेखी पूर्वसंमती लागते. 1 जानेवारी 2021 पासून मिश्र आणि अस्वच्छ प्लास्टिक कचरा, आणि 1 जानेवारी 2025 पासून घातक नसलेला ई-कचरासुद्धा या अटीखाली आला आहे. साखळीवरची नोंद या संमतीला पर्याय नाही. संमतीपत्राचा क्रमांक कंटेनरच्या नोंदीशी जोडणं, आणि पोचल्यावर झालेल्या प्रक्रियेची पावती त्याच नोंदीला परत जोडणं, एवढं ती करू शकते. ‘वापरलेला पण चालू’ म्हणून पाठवलेल्या मालाला कचऱ्याचे नियम लागत नाहीत आणि पळवाट तिथेच आहे. म्हणून अशा प्रत्येक वस्तूच्या चाचणीचा अहवालही नोंदीत असावा.

18. प्रकल्प बंद पडला तर नोंदींचं काय होतं?

परवानगीची साखळी चालवणारे संगणक बंद झाले की साखळी थांबते. माएर्स्क आणि आयबीएम यांनी 2018 मध्ये उभी केलेली ट्रेडलेन्स ही जहाजवाहतुकीची ब्लॉकचेन बंद करत असल्याचं नोव्हेंबर 2022 मध्ये जाहीर झालं. संपूर्ण उद्योगाचं पुरेसं सहकार्य मिळालं नाही, हे कारण चालकांनीच दिलं. एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत हे घडू शकतं, तर लहान प्रकल्पात ते गृहीत धरूनच चालावं. नोंदी सर्वसामान्य, कुठेही वाचता येणाऱ्या स्वरूपात बाहेर काढता येतील आणि त्यांची प्रत नियामकाकडे राहील, ही अट पहिल्याच करारात घाला.

19. आमचा छोटा रिसायकलिंग कारखाना आहे. मोठा ग्राहक ब्लॉकचेनवर नोंदी मागतोय. सही करण्याआधी काय विचारावं?

आधी स्वतःची वही नीट करा. आवक, जावक, घट आणि साठा रोजच्या रोज जुळत नसेल तर साखळीवर गेल्यावर तो गोंधळ फक्त जगासमोर येईल. मग ग्राहकाला विचारा: तुमच्या नोंदी कोणाकोणाला दिसणार? ग्राहक बदलला तर तुमचा इतिहास तुमच्यासोबत येणार, की त्याच्याच प्रणालीत अडकणार? दुसऱ्या ग्राहकाने वेगळी प्रणाली मागितली तर तोच लॉट दोन ठिकाणी नोंदवावा लागणार का? तसं असेल तर प्रश्न 12 मधली दुहेरी मोजणी तुमच्याच हातून होऊ शकते, म्हणून दोन्हीकडे एकच लॉट क्रमांक वापरा.

पैशाचं बोलायला लाजू नका. स्कॅनर, पट्ट्या, काट्याला जोडायचं उपकरण आणि रोज नोंद करणाऱ्या माणसाचा पगार हा खर्च सहसा कारखान्यावर येतो, तर ‘स्रोत शोधता येणारा माल’ म्हणून मिळणारा जादा भाव ग्राहकाकडे जातो. प्रति टन वाढीव दर, किंवा उपकरणांचा खर्च ग्राहकाने उचलणं, यातलं एक तरी करारात लेखी घ्या, आणि वजनावरून वाद झाला तर कोणाचा काटा अंतिम धरायचा तेही.